दांडिया बाजारातला व्हायोलिनचा वर्ग : अकरा वर्षांनंतरचा अभिप्राय

वडोदऱ्यात व्हायोलिन शिकवणारे वर्ग आता बरेच झाले आहेत आणि मुलाला त्यांपैकी कोठे घालावे, असे ओळखीचे पालक मला वरचेवर विचारतात. फोनवर दोन वाक्यांत देता येईल असे याचे उत्तर नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. माझी मुलगी नवव्या वर्षी दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर भरणाऱ्या वर्गात जाऊ लागली. आज ती वीस वर्षांची आहे, महाराजा सयाजीराव विद्यापीठात व्हायोलिन हाच मुख्य विषय घेऊन शिकत आहे आणि तरीही आठवड्यातून दोनदा त्याच माडीवर जाते. वर्ग चालवणाऱ्या बाई निवृत्त संगीतशिक्षिका आहेत. आपले नाव कोठे छापून यावे हे त्यांना आवडत नाही, त्यामुळे ते येथे दिलेले नाही. वर्गाला पाटीही नाही. मी स्वतः वादक नाही. लहानपणी गाणे शिकले, मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या आणि पुढे बँकेच्या नोकरीत ते मागे पडले. पण अकरा वर्षे वर्गाच्या दाराशी सतरंजीवर बसून जे ऐकले आणि पाहिले, त्याच्या आधारे हे लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगते. ज्या मुलाला व्हायोलिन हाच व्यवसाय करायचा आहे, किंवा पुढेमागे तसे होईल अशी चिन्हे पालकांना दिसत आहेत, त्याच्यासाठी याहून चांगला पाया मला या शहरात आढळला नाही. वर्षभरात स्नेहसंमेलनात एखादे गाणे वाजवता यावे एवढीच अपेक्षा असेल, तर हा वर्ग मुलालाही जड जाईल आणि बाईंनाही.

पहिल्या दिवशी आम्ही व्हायोलिन बरोबर घेऊनच गेलो होतो. दुसऱ्या एका शहरातल्या दुकानातून ते आणले होते. दुकानदाराने सांगितले की, मुलगी वाढत्या अंगाची आहे, पूर्ण मापाचेच घ्या, म्हणजे पुन्हा खर्च नको. आणि शाळेचा गणवेश घेताना आपण जसा विचार करतो तसाच करून मी ते घेतले. बाईंनी पेटी उघडली, वाद्य मुलीच्या खांद्याला लावले आणि तिला डावा हात सरळ लांब करायला सांगितले. हात लांब केल्यावर व्हायोलिनचे वळणदार डोके तळहातात यायला हवे. तिची बोटेसुद्धा तेथवर पोहोचत नव्हती. पूर्ण मापाच्या व्हायोलिनचे अंग साधारण 14 इंच लांब असते आणि मुलांसाठी पाव, अर्धे, पाऊण अशी मापे असतात, ही माहिती मला त्या दिवशी प्रथम मिळाली. त्यानंतर बाईंनी वाद्य हळूच हलवले, तेव्हा आत काहीतरी खुळखुळले. वरच्या आणि खालच्या फळीच्या मध्ये साउंडपोस्ट नावाची एक छोटी लाकडी कांडी उभी असते. तिला डिंक लावलेला नसतो, ती नुसत्या दाबावर उभी असते आणि आवाजाची सगळी गोलाई तिच्या जागेवर अवलंबून असते. आमच्या व्हायोलिनमधली ती कांडी पडलेली होती. शिवाय तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी घोडी इतकी उंच होती की, तार दाबली की बोटाच्या टोकावर खोल रेघ उमटत असे. अशा वाद्यावर शिकणारे मूल दोन महिन्यांत कंटाळते आणि घरचे म्हणतात की याला गोडी नाही.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी कपाटातून अर्ध्या मापाचे एक जुने व्हायोलिन काढून दिले. त्यांच्याकडे अशी लहान मापांची काही व्हायोलिने आहेत. ती एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातात आणि त्यांचे भाडे त्या घेत नाहीत. नवीन तारांचा आणि गजाच्या, म्हणजे तारेवर ओढायच्या छडीच्या, केसांचा खर्च मात्र आपण करायचा. मुलगी अर्ध्यावरून पाऊणवर गेली, तेराव्या वर्षी पूर्ण मापावर आली आणि तेव्हा ते आमचे पहिले व्हायोलिन मुंबईच्या एका कारागिराकडून दुरुस्त करून घेऊन वापरात आले.

शिकवण्याची पद्धत हा या वर्गाचा खरा विषय आहे. पहिले दोन महिने डाव्या हाताला कामच नसते. मूल मोकळ्या तारेवर फक्त गज ओढते. भिंतीवर एक उभा आरसा आहे. त्यात पाहून गज घोडीला समांतर चालतो की तिरका होतो हे मुलाने स्वतः तपासायचे. गजाचे तीन भाग ओळखू यावेत म्हणून त्यावर दोन ठिकाणी लाल दोरा बांधलेला असतो. तानपुरा चालू असतो, एक गज आठ मात्रांत पूर्ण करायचा, मग सोळा मात्रांत, आणि टोकाला पोहोचून गज उलट फिरतो तेव्हा आवाज तुटता कामा नये. बाई खिडकीकडे तोंड करून बसतात, मुलाकडे बघतही नाहीत. "गज वळताना मला ऐकू आला, पुन्हा कर," एवढेच त्यांचे वाक्य त्या दोन महिन्यांत मी शेकडो वेळा ऐकले. एका संध्याकाळी मुलीने लागोपाठ सहा गज ओढले आणि ते वाक्य आले नाही. बाई वळल्या, मान हलवली आणि म्हणाल्या, "आता सा आपल्या जागी आला. उद्या रे."

व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात. अनेक वर्गांत स्वरांच्या जागा कळाव्यात म्हणून फिंगरबोर्डवर रंगीत चिकटपट्ट्या लावतात, त्यामुळे मूल आठवड्याभरात सरगम वाजवू लागते आणि पालकांनाही समाधान वाटते. येथे पट्टी लावत नाहीत. मुलाने स्वर आधी गळ्याने म्हणायचा, तानपुऱ्याशी जुळवायचा आणि मग तो तारेवर शोधायचा. याचे कारण मला पाच-सहा वर्षांनी नीट उमगले. दरबारी रागातला आंदोलित कोमल गंधार आणि भीमपलासी रागातला कोमल गंधार हे नावाने एकच असले तरी एका चिकटपट्टीवर बसत नाहीत. डोळ्यांनी जागा शोधायची सवय लागलेल्या मुलाला तो फरक पुढे ऐकू येत नाही आणि त्या टप्प्यावर सवय मोडणे फार कष्टाचे असते. पंधराव्या-सोळाव्या वर्षी दुसरीकडून येथे आलेली दोन मुले त्यापायी रडताना मी पाहिली आहेत. एक गेली, एक टिकला.

बसण्याची पद्धत आपली, म्हणजे जमिनीवर मांडी घालून. उजवा पाय थोडा पुढे, व्हायोलिनचे डोके उजव्या घोट्यावर टेकलेले आणि वाद्याची पाठ डाव्या खांद्या-छातीशी. पाश्चात्त्य वादक हनुवटी आणि खांदा यांच्यामध्ये वाद्य धरून उभा राहतो किंवा खुर्चीवर बसतो. आपल्याकडे वाद्याचा भार पायावर आणि छातीवर जात असल्याने डावा हात मोकळा राहतो आणि मींड घेताना, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर आवाज न तोडता जाताना, तो तारेवर वर-खाली निर्वेध सरकतो. तारा मिळवण्याच्या पद्धतीही वेगवेगळ्या आहेत. पाश्चात्त्य पद्धतीत जी, डी, ए, ई अशा ठरलेल्या उंचीवर चारही तारा मिळवतात. येथे सा-प-सा-प मिळवतात आणि तो सा प्रत्येकाच्या गळ्याला मानवेल असा धरतात. एवढ्या बारकाईने बसण्याकडे लक्ष देण्याचे आणखी एक कारण म्हणजे शरीर. रोज चार-पाच तास वाजवणाऱ्याची मान, डावा खांदा, मनगट आणि गुडघे दुखू लागले की व्यवसाय तेथेच थांबतो. चाळीस मिनिटांनी उठून फिरायचे हा वर्गाचा नियम आहे आणि तो मोठ्या विद्यार्थ्यांनाही लागू आहे.

व्हायोलिनच्या वर्गात गाणे कशाला शिकवता, असे नवे पालक विचारतात. बाई प्रत्येक रागाची बंदिश आधी गाऊन घेतात. बोल पाठ झाल्याशिवाय ती तारेवर येत नाही. व्हायोलिन आपल्याकडे युरोपियनांबरोबर आले. दक्षिणेत ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बालुस्वामी दीक्षितरांच्या काळापासून रुजले, तर हिंदुस्थानी मैफलीत त्याला मानाची जागा विसाव्या शतकात मिळाली. त्यामुळे सतार-सरोदाप्रमाणे पिढ्यानपिढ्यांचा तयार बाज, म्हणजे वादनाची शैली, व्हायोलिनला नव्हता आणि आपल्या मोठ्या वादकांनी तो बराचसा गळ्याकडून घेतला. पं. गजाननबुवा जोशी (1911–1987) स्वतः तयारीचे गवई होते आणि व्हायोलिनवादकही. वाईला जन्मलेल्या पं. व्ही. जी. जोग (1922–2004) यांनी गवयांकडे शिक्षण घेतले आणि उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचेही मार्गदर्शन मिळवले. जोगांच्या वादनातली लयकारी आजही ऐकत राहावी अशी आहे. पं. डी. के. दातार विघ्नेश्वर शास्त्रींकडे शिकले आणि त्यांच्या वादनात गायकी आहे. डॉ. एन. राजम यांचे आरंभीचे शिक्षण घरच्या कर्नाटक परंपरेतले, पुढे त्या पं. ओंकारनाथ ठाकुरांकडे शिकल्या आणि ख्याल जसाच्या तसा तारेवर उतरवण्याचा त्यांनी ध्यास घेतला. हे सगळे आमच्या मुलीला व्याख्यानातून कळलेले नाही. बाईंनी दर आठवड्याला एक ध्वनिमुद्रण ऐकायला द्यायचे, मुलीने वहीत लिहायचे की समेवर येण्याआधी गज कोणत्या दिशेने होता आणि मींड एका बोटाने घेतली की दोन, असा तो गृहपाठ असे. अशा सात वह्या आमच्या घरी आहेत.

बाई या वादकांविषयी आणखी एक गोष्ट सांगत, जी ऐकून मला पालक म्हणून धीर आला आणि थोडी धास्तीही वाटली. गजाननबुवांनी आणि जोगांनी आकाशवाणीत नोकरी केली. जोगांनी लखनौच्या संगीत महाविद्यालयातही शिकवले. राजम यांनी बनारस हिंदू विद्यापीठात कित्येक वर्षे अध्यापन केले. एवढ्या तोलामोलाच्या कलावंतांनीही केवळ मैफलींवर घर चालवण्याचा हट्ट धरला नाही. शिकवणे, नोकरी, साथ आणि मैफल ही चारही कामे मिळून शास्त्रीय व्हायोलिनवादकाचा व्यवसाय होतो, हे मुलीला चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून ठाऊक होते आणि तिची तयारीही त्या बेताने झाली.

ती तयारी म्हणजे प्रामुख्याने साथ. माझ्या पाहण्यातल्या इतर वर्गांत मुलांना एकल वादनासाठी तयार करतात. येथे शिकण्याच्या सहाव्या-सातव्या वर्षापासून गाणाऱ्याच्या मागे वाजवायला बसवतात. महिन्यातून एका शनिवारी शहरातले गाणे शिकणारे तीन-चार विद्यार्थी माडीवर येतात आणि त्यांच्या साथीला व्हायोलिनचे विद्यार्थी बसतात. मुलीची पहिली साथ मला स्पष्ट आठवते. एक मुलगा यमन गात होता. मुलीला बंदिश पाठ होती, राग चांगला तयार होता, आणि गाणारा निषादावर थांबलेला असताना तिने वरचा षड्ज लावून टाकला. बाईंनी हात वर करून दोघांना थांबवले. "तो षड्जाकडे निघाला होता, पोहोचला नव्हता. तू त्याच्या आधी घरात शिरलीस," असे म्हणून त्यांनी स्वतः व्हायोलिन हातात घेतले, मुलाला पुन्हा गायला सांगितले आणि त्याच्या प्रत्येक स्वरामागे अर्ध्या श्वासाच्या अंतराने वाजवले. तो थांबला की त्याचाच शेवटचा स्वर इतका हळू धरून ठेवला की, तानपुराच वाढला आहे असे वाटावे. मुलाने डोळे मिटले आणि नंतर दहा मिनिटे तो आधीपेक्षा कितीतरी चांगला गायला. मुलगी त्यानंतर वर्षभर साथीत एकही आगाऊ जागा घेताना दिसली नाही.

आजही तिला जी कामे मिळतात त्यांतली बहुतेक साथीचीच असतात : नाट्यसंगीताचे कार्यक्रम, भजनांच्या बैठका, गुजराती सुगम संगीत, नृत्याच्या विद्यार्थ्यांचे मंचप्रवेश. ख्यालाला आता बहुधा संवादिनीची साथ असते, त्यामुळे व्हायोलिनला बोलावणारा गवई आपणहून बोलावतो आणि त्याला नेमके काय हवे हे ओळखावे लागते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत पूर्वी मोठे व्हायोलिनताफे बसत आणि शेकडो वादकांचे संसार त्यावर चालत. सिंथेसायझर आणि संगणकावरचे तयार आवाज आल्यापासून ते काम फार आटले आहे. म्हणून ऐन वेळी रागही वाजवता येणारा, सुगमही वाजवता येणारा आणि गाणाऱ्याची पट्टी, म्हणजे त्याचा सा, बदलली तर गोंधळून न जाणारा वादक टिकतो. पट्टी बदलण्याचा सराव या वर्गात मुद्दाम करून घेतात. संवादिनीच्या काळी एकपासून पांढरी सहापर्यंत कोणत्याही सुरात तीच बंदिश वाजवायला लावतात.

रियाजाची शिस्त कडक आहे, पण ती आरडाओरड करून लादलेली नाही. मुले बाईंना बेन म्हणोत की बाई, सर्वांना एकच वेळ : सकाळी शाळेआधी एक तास, संध्याकाळी एक तास, दहावीनंतर दुप्पट. उत्तरायणाच्या आठवड्यात मात्र बाईंचा एक हुकूम असतो आणि त्यात सवलत नाही. पतंग उडवायचा नाही. काचेच्या मांज्याने बोटाच्या टोकाला बारीकशी चीर गेली तरी तार दाबता येत नाही, आणि जानेवारी हा कार्यक्रमांचा महिना. वडोदऱ्यात वाढणाऱ्या मुलासाठी 14 जानेवारीला गच्चीवर नुसते उभे राहून फिरकी धरणे म्हणजे काय, हे येथल्या माणसालाच कळेल. आमची मुलगी पहिल्या वर्षी फार रडली. तिसऱ्या वर्षापासून तिने चुलतभावाची फिरकी आनंदाने धरली.

हवेचाही येथे विचार करावा लागतो आणि बाई तो शिकवतात. मे महिन्यात लाकूड सुकते, खुंट्या सैल होऊन निसटतात, कधी सांधा उकलतो. पावसाळ्यात त्याच खुंट्या फुगून बसतात आणि गजाचे केस सैल पडतात. पेटी कधीही मोटारीत ठेवून जायचे नाही, वाजवून झाल्यावर गज सैल करून ठेवायचा, तारांवर साचलेली राळ मऊ फडक्याने रोज पुसायची. खुंटी घट्ट झाली तर जोर न लावता आधी बाहेर ओढायची, पेन्सिलीचे शिसे लावायचे आणि मग फिरवायची. घोडी वाकू लागली तर ती कशी सरळ करायची हे प्रत्येक मुलाला दहाव्या-बाराव्या वर्षी येते. साउंडपोस्टला मात्र कोणी हात लावायचा नाही, ते काम कारागिराचे.

परीक्षांबद्दल बाईंचे मत आणि माझे मत जुळत नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद आणि अलंकारपर्यंतच्या परीक्षा मराठी घरांत सर्वांना माहीत असतात. मंडळाची स्थापना 1931 साली आपल्या शेजारच्या अहमदाबादेतच झाली. बाई मुलांना परीक्षेला बसवतात, पण त्यासाठी वेगळी तयारी करून घेत नाहीत आणि दरवर्षी बसलेच पाहिजे असेही म्हणत नाहीत. आमची मुलगी मध्येच दोन वर्षे परीक्षेला बसली नाही. त्यामुळे तिचे विशारद बरोबरीच्या मुलांपेक्षा उशिरा होणार आहे. वादनाला त्याने काही बाधा आली नाही, हे खरे; परंतु शाळेत संगीतशिक्षकाची जागा निघते तेव्हा अर्जावर प्रमाणपत्रच पाहतात, आणि व्यवसायाची तयारी करून घेणाऱ्या वर्गाने याकडे अधिक लक्ष द्यायला हवे असे माझे म्हणणे आहे. शास्त्राचा भागही येथे कमी पडतो. रागांची तुलना, तालांची लिपी, ग्रंथांची माहिती हे मुलीला पदवीच्या वर्गात जाऊन भरून काढावे लागले.

त्या बाबतीत वडोदऱ्याचे विद्यार्थी भाग्यवान आहेत. महाराज सयाजीराव गायकवाडांनी 1886 साली संगीतज्ञ मौलाबक्षांकडे जी गायनशाळा सोपवली, तिचीच परंपरा आज सुरसागराजवळच्या विद्यापीठाच्या संगीत-नृत्य-नाट्य विद्याशाखेत चालू आहे. पहिली अखिल भारतीय संगीत परिषद पं. भातखंडे यांनी 1916 साली याच शहरात भरवली. सकाळी विद्याशाखेत जायचे, संध्याकाळी बाईंकडे. एक ठिकाण अभ्यासक्रमाचे, एक तालमीचे. दोन्ही ठिकाणे सायकलच्या अंतरावर असणे ही सोय प्रत्येक शहरात नसते.

पुढचा मार्ग सांगण्यात मात्र वर्ग तोकडा आहे आणि ही त्याची दुसरी मोठी उणीव. मुलगी अकरा वर्षांची असताना सीसीआरटी या केंद्र सरकारच्या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेची सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती 10 ते 14 वयाच्या मुलांसाठी असते हे आम्हाला कोणी सांगितले नाही. आम्हाला कळले तेव्हा ते वय उलटून गेले होते. आता ती केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या तरुण कलाकारांसाठी असलेल्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरत आहे. ती 18 ते 25 वयासाठी आहे आणि दोन वर्षे दरमहा 5,000 रुपये मिळतात. आकाशवाणीच्या ध्वनिचाचणीचा अर्जही आम्ही दोघींनी बसून भरला. बी, बी हाय, ए आणि टॉप अशा तेथल्या श्रेणी आहेत. मुलगी गेल्या वर्षी बी श्रेणीत आली. ही श्रेणी केवळ कार्यक्रमपत्रिकेवर छापण्यापुरती नाही. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचे तर सर्वसाधारणपणे पदव्युत्तर पदवी आणि नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा लागते. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत संगीतासाठी कलावंताची स्वतंत्र वाट ठेवलेली आहे आणि नामवंत गुरूंकडची तालीम, पदवी, शिकवण्याची क्षमता यांच्याबरोबर आकाशवाणी किंवा दूरदर्शनची ए श्रेणी ही तिच्या अटींपैकी एक आहे. म्हणजे वीस वर्षांच्या मुलीने आज बी श्रेणीवरून ए श्रेणीकडे जाण्यासाठी केलेला रियाज उद्याच्या नोकरीशी थेट जोडलेला आहे. ही माहिती वर्गात भिंतीवर लावलेली असायला हवी. मी बाईंना तसे बोलले. त्यांनी मला ती लिहून आणायला सांगितली आणि आता ती आरशाशेजारी लावलेली आहे.

पाश्चात्त्य शास्त्रीय व्हायोलिनकडे ज्यांचा ओढा आहे त्यांनी येथे येऊ नये, हे स्पष्ट सांगते. तो अभ्यास वेगळा आहे : स्टाफ नोटेशन वाचणे, हनुवटीखाली वाद्य धरणे, परदेशी मंडळांच्या श्रेणी-परीक्षा, आणि पुढे वाद्यवृंदात जागा मिळवायची तर ठरलेल्या रचनांतील कठीण उतारे परीक्षकांपुढे, कित्येकदा पडद्याआड बसून, वाजवून दाखवणे. मुंबईत 2006 साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाल्यापासून भारतातही त्या वाटेने जाऊ पाहणाऱ्या मुलांपुढे एक ठिकाण आहे. पण त्या तयारीतला एकही धागा या माडीवर मिळणार नाही आणि बाईही तसा दावा करत नाहीत.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. शुल्क महिन्याला 1,500 रुपये आहे, आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येकी एक तास, एका वेळी चारच मुले. दोन वर्षांपासून ते वाढलेले नाही. तास संपायची वेळ पाळली जात नाही. सा लागेपर्यंत मुलाला सोडत नाहीत, त्यामुळे पुढच्या पाळीची मुले जिन्यात बसून राहतात. जिना अरुंद आणि उंच आहे, गुडघ्यांचा त्रास असलेल्या आजी-आजोबांनी सोडायला येऊ नये. गाडी लावायला जागा नाही. नवरात्रात रात्रीच्या गरब्यामुळे संध्याकाळचे वर्ग बंद असतात आणि सकाळी सहाला भरतात. मुले झोपाळू असतात, पण येतात. ध्वनिमुद्रणाला बाईंची मनाई आहे. याला माझी हरकत आहे, कारण मुलाला घरी जाऊन आपली चूक ऐकता येत नाही आणि आता परदेशातल्या विद्यार्थ्यांना ऑनलाइन शिकवणे हे तरुण वादकांच्या उत्पन्नाचे मोठे साधन झालेले असताना ध्वनिमुद्रकासमोर बसण्याची सवय लवकर लागलेली बरी. आमच्या मुलीला ती वेगळी शिकावी लागली.

नवे विद्यार्थी वर्षातून एकदाच, गुरुपौर्णिमेनंतरच्या आठवड्यात घेतात. मुलाला घेऊन संध्याकाळी पाचच्या सुमारास जावे. बाई त्याला तानपुऱ्यावर सा म्हणायला सांगतात, हाताची लांबी पाहतात आणि पालकांना बाहेर बसवून मुलाशी पाच मिनिटे एकट्याने बोलतात. वय आठ ते अकरा असेल तर उत्तम. जाताना व्हायोलिन विकत घेऊन जाऊ नये. कोणते माप घ्यायचे, कोणाकडून घ्यायचे आणि मुळात या वर्षी घ्यायचे की नाही, हे बाईंनी मुलाचा हात पाहिल्यानंतर ठरवता येईल.